हत्तींचा उतार

आमच्या पिढीला लंका कळली ती दोन वाटांनी. एक आजीच्या तोंडून. ती लंका सोन्याची होती आणि मारुतीच्या शेपटीने दर चातुर्मासात एकदा जळत असे. दुसरी रेडिओच्या डब्यातून. बुधवारी रात्री आठच्या सुमारास, वाड्यात ज्यांच्याकडे रेडिओ असेल त्यांच्या ओसरीवर आम्ही पोरे जमत असू. सिलोनचे ते केंद्र घरघरत, खरखरत एकदाचे लागले, की यंदा कोणते गाणे कितव्या पायरीवर चढले यावर पैजा लागत. कार्यक्रम मुंबईतच तयार होऊन तिकडे पाठवला जाई, हे पुष्कळ वर्षांनी कळले तेव्हा आम्हांला आपल्यालाच कोणी फसवल्यासारखे वाटले होते. कोलंबो नकाशात कोठे आहे हे ठाऊक नव्हते. पण ते पलीकडच्या आळीत असल्याइतके जवळचे वाटे.

मग १९८३ चा जुलै उजाडला आणि त्याच कोलंबोत तमिळांची घरेदारे, दुकाने पेटली. ही तिसरी लंका. तिची ओळख करून घ्यायला आम्ही फारसे उत्सुक नव्हतो. वर्तमानपत्रात चार ओळी वाचाव्यात, ‘काय चालले आहे तिकडे!’ म्हणावे आणि पान उलटावे, असेच पंचवीस वर्षे चालले.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या अंकात, चकल्या-अनारशांच्या वासात, हे लढाईचे काय काढलेत? त्याला कारण आमच्या इमारतीचा नळ. गेल्या महिन्यात दोन दिवस पाणी आले नाही. टँकर येणार येणार म्हणत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आणि पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ यांच्यात बादल्यांवरून जे झाले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. दोघेही निवृत्त, सुशिक्षित आणि एरवी एकमेकांच्या घरी सत्यनारायणाला जाणारे. त्या दोन दिवसांत मी आरामखुर्चीत बसून (पाणी भरण्याच्या कामी माझा उपयोग नाही, असा घरात निर्णय झालेला आहे) एलिफंट पासच्या लढायांविषयी वाचत होतो. वाचता वाचता सौ.ला म्हणालो, “अगं, हजारो माणसांची छावणी, तोफा, रणगाडे, सगळे जागच्या जागी, आणि पाण्यावाचून सोडून जावी लागली.” ती हातातली कळशी खाली ठेवून म्हणाली, “अहो, मग इतक्या मोठमोठ्या सेनापतींनी आधी पाण्याचे बघितले नव्हते का?”

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

लंकेचा नकाशा आठवा. खाली आंब्यासारखा गरगरीत भाग, आणि वर उत्तरेला, देठाशी चिकटलेल्या पानासारखे जाफनाचे द्वीपकल्प. हे पान देठाला जेथे चिकटते ती जागा म्हणजे एलिफंट पास. दोन्ही अंगांना उथळ, खारे पाणी. मधून जेमतेम एक किलोमीटरभर रुंदीची सपाट पट्टी. कोलंबो-कँडीकडून जाफनाला जाणारा हमरस्ता आणि आगगाडी दोन्ही येथूनच जातात. तमिळ माणसे या जागेला ‘आनैयिरवु’ म्हणतात, सिंहली माणसे ‘अलिमंकड’. दोन्ही नावांत हत्ती आहे. नदीला जेथे पायी पार करता येते त्या जागेला आपण ‘उतार’ म्हणतो ना, तसा हा हत्तींचा उतार. वन्नीच्या रानात धरलेले हत्ती डचांच्या अमदानीत येथून चालवत जाफनाला नेत आणि तेथे हिंदुस्थानातल्या व्यापाऱ्यांना विकत. जकातीला आणि पहाऱ्याला अशी जागा दुसरी मिळायची नाही. म्हणून डचांनी येथे गढी बांधली. पुढे इंग्रजांच्या काळात तिचे विश्रामगृह झाले. लढाईची जागा प्रवाशांच्या चहाला लागली याचा आनंद मानावा, तर तोही फार काळ टिकायचा नव्हता.

येथली दुसरी ओळख म्हणजे मीठ. उथळ पाणी, कडक ऊन आणि सपाट जमीन असल्यावर मिठागरे होणारच. मैलभर पांढरे चौकोन, कडेला मिठाच्या राशी, आणि झाडाचा आडोसा म्हणाल तर नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याकडे शिपाईगड्याला सांगत. या जागी शिपायांनी मिठातच खंदक खणले.

यादवी का पेटली हे सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. थोडक्यात, स्वातंत्र्यानंतर भाषा, नोकऱ्या आणि कॉलेजातले प्रवेश यांवरून सिंहली बहुसंख्य व तमिळ अल्पसंख्य यांचे बिनसत गेले. सभा-सत्याग्रह झाले, करार झाले आणि मोडले, आणि शेवटी सामोपचाराच्या म्हाताऱ्यांना बाजूला सारून बंदुकीची पोरे पुढे आली. त्यांतले सर्वांत कडवे ते ‘लिबरेशन टायगर्स’, वर्तमानपत्री भाषेत तमिळ वाघ. २३ जुलै १९८३ ला जाफनात तेरा सैनिक मारले गेले आणि त्याचा सूड कोलंबोतल्या निरपराध तमिळांवर उगवला. तेथून मागे वळणे नव्हते. १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेनाही तेथे गेली आणि अकराशेहून अधिक जवान गमावून १९९० च्या मार्चमध्ये परतली. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांना परमवीरचक्र मिळाले ते त्याच मोहिमेतल्या मरणाबद्दल. आपल्याकडच्या कित्येक घरांत त्या काळी तारवाल्याच्या सायकलीची घंटा वाजली की बायकांच्या हातापायांतले बळ जाई.

शांतिसेना निघाली आणि थोड्याच महिन्यांत वाघ व लंकेचे सरकार पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. आता जाफना वाघांच्या हाती, दक्षिणेकडची वन्नीही त्यांच्याच हाती. आणि मधल्या देठावर मात्र सरकारी पलटण बसलेली. घशात अडकलेल्या काट्यासारखी. तो काढण्यासाठी १० जुलै १९९१ ला वाघांनी वेढा घातला.

आत सिन्हा रेजिमेंटची सहावी पलटण होती, सुमारे आठशे माणसे. बाहेर कित्येक हजार. आजवर वाघांची लढाई म्हणजे गनिमी कावा. रात्री यावे, मारावे, झाडीत नाहीसे व्हावे. येथे झाडीच नव्हती. मिठागरांच्या उघड्या सपाटीवरून चालत जायचे म्हणजे मरायलाच जायचे. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. रस्ते करायचे मोठे बुलडोझर घेतले, त्यांवर चहूबाजूंनी पोलादी पत्रे जडवले आणि ती चालती गढी पुढे घालून मागून माणसे सोडली. १४ जुलैच्या रात्री असा एक बुलडोझर छावणीच्या कडेपर्यंत येऊन भिडला. गोळ्या त्याला लागत नव्हत्या. तो आत शिरता तर पलटणीचा निकाल लागला होता. त्या वेळी गामिनी कुलरत्ने नावाचा लान्स-कॉर्पोरल खंदकातून उठला, गोळ्या लागत असताना धावत जाऊन बुलडोझरच्या शिडीवर चढला आणि आत हातबाँब टाकले. बुलडोझर थांबला, कुलरत्नेही तेथेच पडला. लंकेचा सर्वोच्च शौर्याचा किताब, परम वीर विभूषणय, पहिल्यांदा दिला गेला तो त्याला. तो थांबलेला बुलडोझर आजही रस्त्याच्या कडेला उभा आहे.

त्या पत्र्यांच्या आत जी माणसे होती, त्यांनाही आया होत्या. वाघांच्या बाजूने या लढाईत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. कोणत्या घरची मुलगी कोणत्या रागाने, कोणत्या जबरदस्तीने किंवा कोणत्या वेडाने तेथवर आली असेल, हे शौर्याच्या किताबावर लिहिलेले नसते.

वेढ्यातल्यांना कुमक पोहोचवायची तर जमिनीने वाट नव्हती. तेव्हा मेजर जनरल डेन्झिल कोब्बेकडुवा आणि ब्रिगेडियर विजय विमलरत्ने यांनी पूर्व किनाऱ्यावर वेट्टिलैक्केर्णी येथे समुद्रातून सैन्य उतरवले. किनाऱ्यापासून छावणी पंधरा किलोमीटरच्या आत. सायकलवरून तासाभराचा रस्ता. त्याला दोन आठवड्यांहून अधिक लागले. वाळूत, ताडांच्या बुंध्यांआडून, पावलापावलाला मारत आणि मरत. ऑगस्टच्या आरंभी दोन्ही फळ्या मिळाल्या आणि वेढा उठला. सरकारची सुमारे दोनशे माणसे गेली. वाघांची त्यांच्याच मोजणीप्रमाणे पाचशेहून अधिक. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९९२ ला, कोब्बेकडुवा आणि विमलरत्ने दोघेही एकाच सुरुंगाने उडाले.

छावणी वाचली, हे खरे. पण देठ बंद म्हणजे पानावरच्या माणसांचे काय? लढायांच्या पुस्तकांत या प्रश्नाला एखादाच परिच्छेद मिळतो. जाफनातल्या लाखो लोकांना दक्षिणेकडे जायला आता हमरस्ता उरला नाही. दवाखान्यासाठी, पेन्शनसाठी, परीक्षेसाठी, कोलंबोहून परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र आणण्यासाठी माणसे किलालीच्या किनाऱ्यावर येत आणि रात्रीच्या काळोखात लहान होड्यांतून ती खारी खाडी ओलांडत. एका होडीला दोर लावून मागे दुसऱ्या होड्या ओढल्या जात. म्हातारीकोतारी, तान्ही मुले, डोक्यावर तांदळाची पिशवी. सरकारने त्या पाण्यात नागरिकांना मनाई केली होती, आणि १९९३ च्या जानेवारीत नौदलाच्या गोळीबारात अशाच होड्यांतले अनेक प्रवासी मेले. तरी लोक जातच राहिले. कारण न जाऊन चालण्यासारखे नव्हते. लढाईचा नकाशा काढणारे या वाटेवर बाण काढत नाहीत.

१९९५ च्या डिसेंबरात सरकारने जाफना शहर घेतले. तत्पूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस लाखो लोक एका रात्रीत घरे सोडून पावसापाण्यातून पूर्वेकडे चालत निघाले होते. आता द्वीपकल्प सरकारकडे आणि वन्नी वाघांकडे, असा पट उलटा झाला. एलिफंट पासची छावणी मात्र तीच राहिली, आणि आता तीच जाफनाचा दरवाजा झाली. ती वाढत गेली. चौपन्नावी डिव्हिजन तेथे आली, लांब पल्ल्याच्या तोफा आल्या, खंदक, तारा, सुरुंग यांची वर्तुळे एकात एक वाढली.

येथेच सौ.च्या प्रश्नाकडे यायला हवे.

जाफनात बारमाही नदी नाही. एकही नाही. सगळे द्वीपकल्प चुनखडीच्या दगडाचे. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र दगडात मुरते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते; गोडे पाणी हलके, खारे जड. ताकावर लोणी असावे तसे. विहीर खणताना आणि उपसताना फार बेताने वागावे लागते. हाव धरून उपसा केला की खालचे खारे वर येते आणि विहीर कायमची नासते. म्हणून जाफनाचा शेतकरी पूर्वापार विहिरीवर एक लांब आडवी तुळई बांधी. एका टोकाला पाण्याचे भांडे, आणि तुळईवर पुढे-मागे चालत एक माणूस तिला खालीवर करी. त्या मापाने निघेल तेवढेच पाणी घ्यायचे. तंबाखू, कांदा, मिरची यांची जी सुरेख शेती त्या रुक्ष भूमीत झाली ती या काटकसरीवर.

आणि एलिफंट पासच्या मिठागरांत तर तेवढेही गोडे पाणी नाही. छावणीला लागणारे पाणी उत्तरेला काही किलोमीटरवर असलेल्या इयक्कच्ची भागातल्या विहिरींतून येई. तेव्हा सेनापतींनी पाण्याचे बघितले नव्हते असे नाही. बघितले होते. म्हणूनच इयक्कच्चीला वेगळे ठाणे केले होते. पण विहिरी राखायच्या म्हणजे तटबंदी तेथवर ओढायची; तटबंदी लांबली की माणसे विरळ होतात; माणसे वाढवली की पाणी जास्त लागते. गुंता असा, की जेवढे बळ वाढवावे तेवढी तहान वाढते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी त्या जागी पाणी आहे की नाही ते पाहावे, नसल्यास टाकी खोदावीत, असे बजावून ठेवले आहे. आमच्या शाळेत ते वाक्य शुद्धलेखनाला घालत. त्यामागे किती पलटणींची कोरडी तोंडे असतील, हे तेव्हा मास्तरांनीही सांगितले नाही.

१९९९ च्या नोव्हेंबरात वाघांनी वन्नीतून मोठी चढाई सुरू केली. सरकारने दोन वर्षे रक्त सांडून घेतलेला मुलूख थोड्या दिवसांत गेला. डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावरचे वेट्टिलैक्केर्णी पडले. तेच, जेथे आठ वर्षांपूर्वी कोब्बेकडुवांचे सैन्य उतरले होते. तरी १९९१ चा धडा वाघ विसरले नव्हते. सपाटीवरून समोरासमोर जायचे नाही. २६ मार्च २००० च्या रात्री बालराज नावाच्या त्यांच्या सेनानीने सुमारे बाराशे माणसे होड्यांतून आणली, कुडारप्पुच्या किनाऱ्यावर उतरवली आणि थेट छावणीच्या पाठीमागे हमरस्त्यावर नेऊन बसवली. इत्ताविल हे त्या जागेचे नाव. मागे समुद्र, चहूकडे शत्रू, आणि स्वतः शत्रूच्या रस्त्यावर आडवे. त्यांना उखडायला लंकेच्या सैन्याने रणगाड्यांसह हल्ल्यांवर हल्ले केले. महिनाभर ते हलले नाहीत. शत्रूच्या कामगिरीचे कौतुक करू नये असा काही नियम नाही. वेढ्याच्या इतिहासात ही चाल नोंदवण्यासारखी आहे. हीच संघटना शाळकरी मुलांना घरांतून उचलून फौजेत घाली आणि विरोध करणाऱ्या तमिळांनाच आधी मारी, हेही त्याच पानावर नोंदवले पाहिजे. १९९१ च्या मे महिन्यात आपल्या माजी पंतप्रधानांचा जीव घेणारी संघटना हीच.

एप्रिल आला. उत्तर लंकेत हा ऐन तलखीचा महिना. तेरा-चौदा एप्रिलला तेथे नवे वर्ष सुरू होते आणि ते सिंहली व तमिळ दोघांचेही एकाच वेळी असते. आपल्या गुढीपाडव्यासारखाच सण. घरे सारवायची, दूधभात शिजवायचा, थोरांच्या पाया पडायचे. त्या वर्षी खंदकांच्या दोन्ही बाजूंना एकाच सणाला घरापासून दूर असलेली पोरे होती.

रस्ता तुटला म्हणजे दारूगोळा आणि अन्न तुटले. त्यावर काही दिवस निभावते. मग इयक्कच्चीवर मारा सुरू झाला आणि विहिरी हातच्या जाऊ लागल्या. येथून पुढे हिशेब दिवसांचा नव्हता, तासांचा होता. तोफ गरम होते तशी माणसेही उन्हात तापतात. जिरेटोप, काडतुसे, बूट घालून मिठाच्या पांढऱ्या परावर्तनात उभ्या असलेल्या माणसाला दिवसाला किती पाणी लागते, हे ज्याने चैत्रात पंढरपूरच्या वाळवंटात दोन तास काढले आहेत त्याने अंदाजाने ओळखावे. चहूकडे पाणी, डोळ्यांसमोर. आणि तोंडात घालायला थेंब नाही.

२२ एप्रिल २००० ला इयक्कच्ची पडले आणि त्याच दिवशी एलिफंट पास सोडण्याचा हुकूम झाला. हमरस्त्यावर बालराजची माणसे, तेव्हा निघायची वाट उरली ती किलालीकडून, खाडीच्या कडेकडेने. ज्या किनाऱ्यावरून सात-आठ वर्षांपूर्वी तमिळ म्हातारे रात्रीच्या होड्यांत चढत असत, त्याच किनाऱ्याने आता सिंहली पोरे भर उन्हात पळै गाठण्यासाठी चालली होती. मोठ्या तोफा मागे राहिल्या. त्या वाटेवर गोळीने मेले तसे तहानेनेही मेले. चालता चालता बसले आणि उठले नाहीत. डिव्हिजनचे दुय्यम सेनानी ब्रिगेडियर पर्सी फर्नांडो आपल्या माणसांना काढून देता देता त्याच माघारीत मारले गेले. नऊ वर्षांपूर्वी आठशे माणसांनी महिनाभर राखलेली छावणी त्याहून कितीतरी मोठ्या फौजेला राखता आली नाही. त्या फौजेत शौर्य कमी होते, असे म्हणण्याला मला आधार दिसत नाही.

जाफनात आता हजारो सैनिक अडकून पडले. कोलंबोने दिल्लीकडे मदत मागितली. शांतिसेनेचे पोळलेले तोंड दिल्लीला आठवत होते, तिने फौज पाठवायचे नाकारले. मग पाकिस्तान, इस्रायल अशा ठिकाणांहून घाईघाईने शस्त्रे आली. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत ज्यांची मुले त्या छावणीत होती त्यांना वर्तमानपत्रातून काही कळायची सोय राहिली नाही. पुष्कळांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढाच शब्द लागला. मेला म्हणावे तर देह नाही, जिवंत म्हणावे तर पत्र नाही. त्या घरात पितृपक्ष कसा पाळावा?

जाफना तगले. पण एलिफंट पास परत घेण्याचा प्रयत्न एप्रिल २००१ मध्ये फसला, आणि २००६ च्या ऑक्टोबरात मुहमालैच्या फळीवर पुन्हा एका सकाळीत शेकड्याने सैनिक मेले. मध्यंतरी २००२ च्या तहात रस्ता उघडला होता, तेव्हा जाफनाची माणसे वर्षांनी बसमधून खाली आली. चार वर्षांत तोही पुन्हा बंद.

आणि शेवट? ९ जानेवारी २००९ ला सैन्य एलिफंट पासमध्ये शिरले, ते जवळजवळ लढाईवाचून. आठवडाभर आधी दक्षिणेला परंतनचा तिठा आणि वाघांची राजधानी किलिनोच्ची पडली होती. पाठीमागचा मुलूख गेल्यावर त्या देठाला काही अर्थ उरला नाही. वाघ आपणच उठून निघून गेले. ज्या जागेसाठी दोन्ही बाजूंची हजारो माणसे गेली होती ती एका सकाळी रिकामी मिळाली. बालराज ते पाहायला नव्हते. वर्षभरही झाले नव्हते, २००८ च्या मे महिन्यात हृदयविकाराने ते गेले होते. पुढचे चार महिने मात्र त्याहून भयंकर होते. मागे सरणाऱ्या वाघांनी लाखो नागरिकांना बरोबर ओढत नेले, आणि सैन्याच्या तोफांनी त्या दाटीवर मारा केला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०११ साली लिहिले, की अखेरच्या त्या पर्वात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असणे शक्य आहे. १८ मे २००९ ला युद्ध संपले.

सौ.ला हे सर्व सांगून झाले तेव्हा खाली टँकर आला होता. ती कळशी उचलताना एवढेच म्हणाली, “आणि त्या विहिरी? नासल्या की राहिल्या?” मला उत्तर देता आले नाही. रणांगणाचे इतके नकाशे मी पाहिले होते. विहिरींचे पुढे काय झाले ते कोणी लिहिले नव्हते, की मीच शोधले नव्हते.

आगगाडी आता पुन्हा जाफनापर्यंत जाते. उखडलेले रूळ आपल्याच देशाच्या कंपनीने नव्याने घातले आणि २०१४ च्या ऑक्टोबरात चोवीस वर्षांनी गाडी जाफनाच्या फलाटाला लागली. ‘याळ देवी’ तिचे नाव. किलिनोच्ची मागे पडले की दोन्ही बाजूंना खारे पाणी दिसू लागते. रस्त्याशेजारी सरकारने विजयाचे स्मारक उभारले आहे, लंकेचा नकाशा वर उचलून धरणारे हात. आणि थोड्या अंतरावर गामिनी कुलरत्नेचा तो बुलडोझर, ज्याच्यापुढे दक्षिणेकडून आलेली कुटुंबे उभी राहून फोटो काढतात. बुलडोझरच्या आत मेलेल्यांसाठी तेथे काही नाही. मागे टाकलेल्या किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ मध्ये बेपत्ता तमिळ मुलांच्या आया त्यांची छायाचित्रे मांडीवर घेऊन रस्त्याकडेला धरण्याला बसल्या. तेव्हापासून त्यांतल्या कित्येक वाट पाहता पाहताच वारल्या. दक्षिणेत चौपन्नाव्या डिव्हिजनमधल्या मुलांच्या आया आपापल्या घरांत तशीच छायाचित्रे लावून आहेत. एकीची भाषा दुसरीला येत नाही.

मिठागरांत मात्र पुन्हा माणसे कामाला लागली आहेत. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून लांब दांड्याच्या फळ्यांनी ती मीठ ओढतात, कडेला राशी लावतात, आणि दुपारी सावली शोधत रस्त्याच्या कडेला येऊन घरून आणलेल्या बाटलीतले पाणी पितात.